पावसाचे वाहते पाणी आणि डहाणू-तलासरीची तहान

आपल्या धर्मप्रांताच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके वसले आहेत. पश्चिमेला समुद्र व चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगरउतार आणि त्यांवर विखुरलेले आदिवासी बांधवांचे पाडे, असे या भूमीचे रूप आहे. जुलै महिन्यात येथील ओढे-नाले दुथडी भरून वाहतात आणि डहाणू शहराच्या सखल भागांत पाणी साचते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरील भगिनींना डोक्यावर हंडे घेऊन दूरची विहीर गाठावी लागते. विहिरीने तळ गाठला, की ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून त्यात झिरपणारे पाणी वाटीवाटीने भरावे लागते.

वस्तीतून वाहून जाणारे पावसाचे पाणी, म्हणजे घराच्या पागोळीचे, अंगणाचे, रस्त्याचे व गटाराचे पाणी, अडवून ते सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी वापरता येईल काय, या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. असे पाणी आपल्याकडे आजवर केवळ 'निचरा' करण्याची वस्तू मानले गेले आहे. ते लवकरात लवकर खाडीला मिळावे, यासाठीच आपण गटारे बांधतो.

पाऊस पुष्कळ, साठा अल्प

डहाणू परिसरात वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातील अनेक तालुक्यांच्या तुलनेने हा पाऊस दुपटीहून अधिक आहे. तरीही येथे टंचाई का भासावी?

याचे पहिले कारण म्हणजे हा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. दुसरे कारण भूमीच्या रचनेत आहे. पूर्वेकडील डोंगराळ भागात मातीच्या पातळ थराखाली काळा कातळ आहे. या कातळाच्या केवळ भेगांत व झिजलेल्या वरच्या थरातच पाणी मुरते. तो थर लवकर भरतो आणि लवकरच रिताही होतो. तिसरे कारण म्हणजे डोंगर आणि समुद्र यांतील अंतर थोडे आहे. सकाळी डोंगरावर पडलेला पाऊस पाहता पाहता खाडीत पोहोचतो.

धरणे नाहीत असेही नाही. सूर्या नदीवर धामणी येथे मोठे धरण आहे. या प्रकल्पाचा मूळ हेतू डहाणू, पालघर व विक्रमगड भागांतील, मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांच्या, शेतीला पाणी देणे हा होता. पुढे वाढत्या शहरांची गरज पुढे आली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या पाणीपुरवठा योजना दररोज ४०.३ कोटी लिटर पाण्यासाठी आखलेली आहे. त्यांपैकी १८.५ कोटी लिटर वसई-विरारसाठी आणि २१.८ कोटी लिटर मिरा-भाईंदरसाठी आहे. वसईतील आपल्यापैकी अनेकांच्या नळाला येणारे पाणी याच सूर्या नदीचे आहे. म्हणून डहाणू-तलासरीच्या तहानेचा प्रश्न आपल्याला परका नाही. ज्यांच्या डोंगरांवरचा पाऊस आपण पितो, त्यांच्या पाड्यावर मे महिन्यात हंडा रिकामा राहू नये, एवढी जाणीव आपण ठेवलीच पाहिजे.

हिशेब काय सांगतो?

पावसाच्या पाण्याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. त्यातले काही उडून जाते, काही कौलांत शोषले जाते. म्हणून पक्क्या छतावरील पाण्यापैकी आठ दशांश हाती लागते, असे धरावे.

पाड्यावरील एका लहान घराचे छप्पर ३० चौरस मीटर आहे, असे समजू. दोन हजार मिलिमीटर पावसात त्यावरून सुमारे ४८ हजार लिटर पाणी वाहते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी आठ लिटर, म्हणजे दिवसाला ४० लिटर पाणी पुरते. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतच्या १२० दिवसांसाठी ४,८०० लिटर लागतील. म्हणजे गरजेच्या दहापट पाणी त्याच छपरावरून दरवर्षी निघून जाते. पाच हजार लिटरची एक टाकी सप्टेंबरअखेर भरून झाकून ठेवली, तर त्या घराला चार महिने पिण्याचे पाणी मिळेल. अडचण टाकीची आहे, पावसाची नाही.

हेच गणित मोठ्या इमारतीला लावू. एखादे ख्रिस्तमंदिर, शाळा किंवा वसतिगृह यांचे छत ५०० चौरस मीटर असेल, तर वर्षाला सुमारे आठ लाख लिटर पाणी मिळू शकते. वसतिगृहातील २०० मुलांना पिण्यासाठी दिवसाला चार लिटर धरले, तर १२० दिवसांना ९६ हजार लिटर लागतात. एक लाख लिटरची टाकी ही गरज भागवते. उरलेले सात लाख लिटर पाणी आवारातील विहिरीत गाळून सोडता येते.

आता शहराचा विचार करू. डहाणू नगरपरिषदेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५० हजार लोक राहत होते. वस्तीच्या केवळ एक चौरस किलोमीटर भागावर पडणाऱ्या पावसापैकी निम्मे पाणी वाहून जाते असे मानले, तरी ते १०० कोटी लिटर होते. शहरी पाणीपुरवठ्याचे माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरल्यास ५० हजार लोकांची जवळजवळ पाच महिन्यांची गरज त्यातून भागेल. अर्थात एवढे पाणी साठवण्यासाठी तीन मीटर खोलीचा तलाव केला, तर त्याला ३३ हेक्टरांहून अधिक जागा लागेल. तेवढी मोकळी जागा शहरात एके ठिकाणी मिळणे कठीण. म्हणून टाकी, तलाव, विहीर आणि जमिनीखालचा थर या चारही ठिकाणी साठा विभागणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी

ही कल्पना आपल्या किनारपट्टीला नवी नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत शंभरहून अधिक गुंफा आहेत. तेथील भिक्खूंनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून डोंगरावरून वाहणारे पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या पन्हळींतून वळवून कातळातील टाक्यांत साठवले. अनेक गुंफांच्या दाराशी अशी टाकी आहेत. प्राचीन शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. ही टाकी कोरून देणे तेव्हा दानधर्म मानला जात असे.

वसईकरांना तर बावखल ठाऊकच आहे. वाडीच्या कडेला, घरांच्या मागे खोदलेले हे लहान तळे पावसात गावाचे वाहते पाणी पोटात घेई. पूर ओसरे, विहिरींना झरे लागत आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात रहाटाने पानवेली व केळींना पाणी मिळे. गेल्या काही दशकांत कित्येक बावखले भरावाखाली गेली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. त्यानंतर तज्ज्ञांनी पुराचे पाणी तात्पुरते सामावून घेणारे धारण तलाव राखण्याची शिफारस केली. वेगळ्या शब्दांत तो बावखलांचाच विचार होता. वसईने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. डहाणू-तलासरीला तो आधीच घेता येईल.

जगातील दोन उदाहरणे

शहराच्या गटारांतील पावसाचे पाणी थेट सार्वजनिक पुरवठ्यात आणण्याचे ठळक उदाहरण सिंगापूरचे आहे. स्वतःच्या मोठ्या नद्या नसलेल्या या देशाने आपल्या भूभागापैकी दोन तृतीयांश भाग पाणलोट क्षेत्र बनवला. २००८ मध्ये तेथे 'मरिना बराज' हा बंधारा शहराच्या मध्यभागी, समुद्राच्या मुखाशी उभा राहिला. दहा हजार हेक्टर शहरी भागातील पावसाचे पाणी त्यामागच्या जलाशयात येते आणि शुद्ध होऊन नळाला जाते. भरतीच्या वेळी हाच बंधारा समुद्राचे पाणी शहरात शिरू देत नाही. तेथे हे साधले, त्यामागे एक अट होती. मैलापाण्याच्या वाहिन्या आणि पावसाळी गटारे यांची पूर्ण फारकत त्यांनी आधी केली होती.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतातील ऑरेंज या लहान शहराचे आहे. दीर्घ अवर्षणात तेथील जलाशय आटू लागले, तेव्हा २००९ मध्ये शहरातून वाहणाऱ्या ओढ्याचे पावसाळी पाणी पंपाने उचलून साठवण तलावात आणण्यात आले. तेथे गाळ बसवून व तपासणी करून ते पिण्याच्या पाण्याच्या धरणात सोडले जाऊ लागले. हे शहर काही महानगर नाही, आणि म्हणूनच त्याचा अनुभव डहाणूसारख्या गावाला जवळचा वाटावा.

सर्व पाणी सारखे नसते

येथे एक सावधगिरी सांगणे आम्हाला अगत्याचे वाटते. पावसाचे पाणी ढगातून शुद्ध येते, परंतु ज्या जागेवरून ते वाहते तिची घाण ते सोबत घेते. म्हणून त्याचे तीन भाग करावेत.

पहिला भाग छताच्या पाण्याचा. तो सर्वांत स्वच्छ असतो व पिण्यासाठी राखावा. मोसमातील पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाकीत घेऊ नये, कारण त्यात धूळ, पाला व पक्ष्यांची विष्ठा असते. त्यानंतरही पावसाने खंड देऊन पुन्हा सुरुवात केली, की पहिले दोन मिलिमीटर पाणी बाहेर सोडावे. ३० चौरस मीटर छपरासाठी हे प्रमाण अवघे ६० लिटर आहे. पन्हळीला जाळी, टाकीपूर्वी वाळू व खडीची गाळणी आणि टाकीवर घट्ट झाकण असावे. झाकणाने सूर्यप्रकाश व डास दोन्ही बाहेर राहतात. पिण्यापूर्वी पाणी उकळावे अथवा क्लोरीनने निर्जंतुक करावे. ग्रामपंचायती वापरतात ती टी.सी.एल. पावडर हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम लागते. आरोग्यसेवकाकडून तिचे प्रमाण समजून घ्यावे आणि ओ.टी. तपासणीने पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे याची खात्री करावी.

दुसरा भाग अंगण, मैदान व पाऊलवाटांवरील पाण्याचा. हे गाळ बसवून तलावात, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळील पुनर्भरण खड्ड्यात सोडावे. धुणे, गुरे, बाग व शौचालय यांसाठी ते उपयोगी पडते. ते थेट विहिरीत कदापि सोडू नये.

तिसरा भाग बाजारपेठ, गॅरेज आणि महामार्गावरील पाण्याचा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो. त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात तेल व टायरची भुकटी असते. शहरातील गटारांत तर सांडपाणीही मिसळते. असे पाणी मोठ्या शुद्धीकरण केंद्राशिवाय पिण्यासाठी वापरता येणार नाही. सांडपाणी आणि पावसाळी पाणी यांच्या वाटा वेगळ्या करणे, हे डहाणू व तलासरी या दोन्ही गावांपुढील पहिले काम आहे. ते झाले नाही, तर पुढच्या सर्व योजना कागदावर राहतील.

किनाऱ्यावरील खारटपणा

चिंचणीपासून बोर्डीपर्यंतच्या किनारी गावांसाठी पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याला आणखी एक मोल आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सर्वसाधारण नियम असा, की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उपसा वाढून ही पातळी अर्ध्या मीटरने खाली गेली, तर खालचे खारे पाणी कालांतराने २० मीटरने वर सरकू शकते. एकदा विहीर खारट झाली, की ती पूर्ववत होण्यास वर्षे लागतात. चिकूच्या बागायतदाराला आणि कोळीवाड्यातील कुटुंबाला एकच भूजल पोसते, हे ध्यानात घेऊन दोघांनीही पावसाचे पाणी मुरवण्याचे काम अंगावर घेतले पाहिजे.

धरणीकंपाचा विचार

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसराला भूकंपाचे लहान-मोठे धक्के वारंवार बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या काळात अनेक कुटुंबांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. म्हणून येथे पाण्याची टाकी बांधताना अन्य ठिकाणांपेक्षा अधिक काळजी हवी.

पाच हजार लिटर पाण्याचे वजन पाच टन भरते. असा भार घराच्या छतावर किंवा कमकुवत भिंतीवर कधीही ठेवू नये. टाकी जमिनीवर, घरापासून थोडी दूर, ठेंगणी व गोल असावी. लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा देऊन केलेली फेरोसिमेंटची टाकी अशा भागाला बरी, कारण ती विटांच्या टाकीपेक्षा हलकी व अधिक चिवट असते. टाकीला जोडलेली नळी थोडी लवचिक असावी. जाणवण्याजोगा धक्का बसला, की टाकीला भेग पडली नाही ना, हे पाहावे. धक्क्यानंतर नळयोजनेची वाहिनी फुटली, तर दारातील भरलेली टाकीच त्या घराचा आधार ठरेल.

वाढत्या काँक्रीटपूर्वीच निर्णय हवा

केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या निर्बंधांमुळे तालुक्यातील बरीच जमीन आजवर मोकळी राहिली. आता मात्र चित्र पालटत आहे. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली व ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वे आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गही याच पट्ट्यातून जात आहेत.

या प्रकल्पांविषयी आपल्यात मतभेद असतील, परंतु एक गोष्ट सर्वांना मान्य व्हावी. मोकळी जमीन काँक्रीटखाली गेली, की तिच्यात मुरणारे पाणी वाहू लागते. गटारे तुंबतात आणि विहिरी लवकर आटतात. त्याच वेळी वस्ती वाढल्याने पाण्याची मागणीही वाढते. पावसाळी पाण्यासाठी तलावाची जागा राखून ठेवायची असेल, तर ती इमारती उभ्या राहण्यापूर्वीच राखावी लागते.

नियम पुष्कळ आहेत. मुंबईत २००२ पासून एक हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले. तामिळनाडूने २००३ मध्ये सर्वच इमारतींना ते लागू केले. परंतु पन्हळ साफ केली नाही, गाळणी धुतली नाही, तर नियमाने बांधलेली टाकी दुसऱ्या वर्षी कोरडी पडते. सक्तीने बांधकाम होते, पण ते टिकते आपलेपणाने.

या बाबतीत ग्रामस्थांच्या हाती कायदाही आहे. डहाणू व तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आहे. गावतळे बुजवू नये, नाल्याची वाट अडवू नये, नव्या सार्वजनिक इमारतीसोबत साठवण टाकी व्हावी, असे ठराव ग्रामसभा करू शकते.

आपण काय करू शकतो?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' या परिपत्रकात शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येक मानवाचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले. हा हक्क पाड्यावरील घरापर्यंत पोहोचवण्यासाठी आपल्या हाती साधनेही आहेत. धर्मग्रामांकडे मोठी छते, मोकळी आवारे, जुन्या विहिरी आणि संघटित माणसे आहेत.

आम्ही पुढील क्रम सुचवू इच्छितो. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या ख्रिस्तमंदिराचे, शाळेचे व सभागृहाचे छत मोजावे आणि वर दिलेल्या पद्धतीने हिशेब मांडावा. मे महिन्यात पन्हळी, गाळण्या व टाक्या स्वच्छ कराव्यात. वसई भागातील धर्मग्रामांनी आपल्या परिसरात उरलेल्या बावखलांची यादी करावी आणि ती बुजवली जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी डहाणू-तलासरीतील एखाद्या पाड्याशी नाते जोडावे. तेथील ग्रामसभेशी बोलून, जागा त्यांनीच ठरवून, टाकी बांधण्यास हातभार लावावा. टाकीची किल्ली व देखरेख पाड्यावरील भगिनींच्या गटाकडे राहावी, कारण पाण्याचा भार आजवर त्यांनीच वाहिला आहे.

सूर्या नदीचे पाणी नळातून घेणाऱ्या आपण सर्वांनी हे परतफेडीचे काम समजावे. सप्टेंबर सरताना पाड्यावरील टाकी काठोकाठ भरलेली असली, तर पुढच्या मे महिन्यात तेथील एका मुलीला हंड्यासाठी शाळा बुडवावी लागणार नाही. तेवढे एका पावसाळ्यात साधण्याजोगे आहे.